कुणाच्या गुडघ्यात, कोणत्या वयात

ऑपरेशन झालेला माणूस पहिल्या आठवड्यात दुखण्याबद्दल विचारतो. महिन्याभराने जिन्याबद्दल विचारतो, तीन महिन्यांनी कामावर कधी जाऊ म्हणून विचारतो. ‘हे किती वर्षं टिकेल?’ हा प्रश्न सगळ्यांत शेवटी येतो. सर्जनसमोर बसल्यावर तो सुचलेला नसतो किंवा विचारायचा धीर झालेला नसतो, म्हणून तो माझ्यापाशी येतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि लालबाग-परळ भागात काम करते. टाके निघाले की माणसं माझ्याकडे येतात आणि पुढे कित्येक महिने येत राहतात. काही जण वर्षांनंतरही रस्त्यात भेटतात, तेव्हा माझी नजर आधी त्यांच्या चालण्याकडे जाते आणि मग चेहऱ्याकडे.

ज्यांच्या गुडघ्यात दुसऱ्या माणसाच्या शरीरातलं काही बसवलेलं आहे, त्यांच्या तोंडून हा प्रश्न आला की मी घाईने उत्तर देत नाही. हृदय किंवा यकृत मिळालेल्या माणसाची बातमी होते. मुंबईत अवयव घेऊन गाडी निघाली की पोलीस सिग्नल मोकळे करतात, ग्रीन कॉरिडॉर म्हणतात त्याला. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोर, हाडांच्या टोकांवरची कूर्चा, गुडघ्यातल्या हाडांमधली गादी यांच्यासाठी कुणी सिग्नल मोकळे करत नाही. गोठवलेली कंडरा पाकिटात बंद होऊन, लॉट नंबरच्या स्टिकरसकट ऑपरेशन थिएटरमध्ये येते. पण त्या पाकिटामागेही कुणाच्या तरी घरातलं माणूस गेलेलं असतं, आणि रडत्या घरातल्या कुणीतरी सहीसाठी पेन हातात घेतलेलं असतं.

दोन माणसांमुळे हा विषय माझ्या डोक्यात पक्का बसला.

पहिले काळाचौकीचे एक काका. इलेक्ट्रिशियन. पावसाळ्यात पूर्व द्रुतगती मार्गावर त्यांची स्कूटर घसरली आणि गुडघा सांध्यातून निखळला. गुडघ्याच्या मधोमध असणारी एसीएल आणि पीसीएल आणि बाहेरच्या बाजूचं, अशी तीन लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधून ठेवणारे पट्टे, एका फटक्यात तुटली. अशा गुडघ्यात तीन लिगामेंट नव्याने बनवायची तर तेवढ्या कंडरा आणायच्या कुठून? एरवी एका लिगामेंटसाठी माणसाच्या स्वतःच्याच मांडीमागची कंडरा काढतात, वाटीखालची काढतात किंवा घोट्याच्या बाजूची काढतात. तिन्हींसाठी त्यांचेच पाय खरवडले असते तर धडधाकट पायही कमजोर झाला असता. म्हणून सर्जनने काही भाग त्यांच्या शरीरातला घेतला आणि काही दात्याचा वापरला. तेव्हा काका चाळिशी ओलांडलेले होते. आता पन्नाशी पार केली आहे. गणपतीत मंडपाच्या लायटिंगसाठी शिडीवर चढतात, फक्त उतरताना घाई करत नाहीत. ती सवय मीच लावली आहे.

दुसरी प्रभादेवीची एक कबड्डीपटू मुलगी, अठरा वर्षांची. चढाई करून परतताना बचावपटूने घोटा धरला, शरीर वळलं आणि गुडघा जागीच राहिला. मॅटवर पाय रुततो, मातीत थोडा सरकतो, त्यामुळे हल्ली ही दुखापत मी अशीच ऐकते. शिवाय मुलींचं एसीएल मुलांपेक्षा जास्त वेळा तुटतं, ही खेळाच्या वैद्यकात पुन्हा पुन्हा दिसून आलेली गोष्ट आहे. तिचे बाबा बेस्टच्या डेपोत मेकॅनिक. ऑपरेशनच्या आधी पायाची ताकद वाढवून घ्यायला ती माझ्याकडे येत होती. एके दिवशी बाबाही आले आणि थेट म्हणाले, “मॅडम, पोरीच्याच पायातलं कापायचं आणि पोरीच्याच पायात लावायचं, हे मला काय पटत नाय. तुमच्या त्या काकांना बाहेरचं लावलं ना? मस्त चालतात. हिला पण तेच लावूया. पैशांचं मी बघतो.”

हे बोलताना त्यांचा आवाज चढलेला होता, पण तो राग नव्हता. लेकीच्या अंगावर आणखी एक कापा पडू नये, एवढंच त्या बापाला हवं होतं. आणि विचार वरवर पाहता बिनचूक होता: दात्याची कंडरा वापरली तर आपली काढावी लागत नाही, मांडीमागे दुखत नाही, ऑपरेशन लवकर आटोपतं, पहिले आठवडे सोपे जातात. काकांचा पाय तर त्यांच्या डोळ्यांसमोर चालत होता.

मी त्यांना बसवलं आणि हवाईमधल्या अमेरिकी लष्करी रुग्णालयाचा अभ्यास सांगितला. तिथे सैनिकांच्या तुटलेल्या एसीएलवर शस्त्रक्रिया करताना कुणाला स्वतःची कंडरा आणि कुणाला दात्याची हे चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवलं होतं, म्हणजे डॉक्टरांच्या आवडीनिवडीचा प्रश्नच उरला नाही. वयं सरासरी तिशीच्या आसपास. मग किमान 10 वर्षं त्या माणसांचा माग काढला. 2015 मध्ये निष्कर्ष छापून आले. स्वतःच्या कंडरेचे 48 गुडघे होते, त्यातले 4 निकामी झाले. दात्याच्या कंडरेचे 49 होते, त्यातले 13. टक्केवारीत 8.3 आणि 26.5. तिपटीहून जास्त. दात्याची ती कंडरा चांगली होती, निव्वळ गोठवलेली, किरणोत्सर्गाने निर्जंतुक करून कमजोर झालेली नव्हती. तरीही.

त्याच अभ्यासातली दुसरी बाजूही मी सांगितली, कारण ती लपवली तर अर्धंच सांगितल्यासारखं होतं. ज्यांची दात्याची कंडरा शाबूत राहिली, त्यांचे गुडघे 10 वर्षांनी स्वतःच्या कंडरेच्या गुडघ्यांइतकेच चांगले होते. टिकली तर पूर्ण टिकते. प्रश्न ती तुटण्याचा आहे, आणि तुटण्याचं वयाशी फार जवळचं नातं आहे. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून चालवलेल्या दुसऱ्या एका मोठ्या पाहणीत दात्याची कंडरा पुन्हा तुटण्याची शक्यता स्वतःच्या कंडरेच्या चौपट निघाली आणि 10 ते 19 या वयोगटात पुन्हा तुटण्याचं प्रमाण सर्वांत जास्त दिसलं. पोरगी अठराची. तिला परत मॅटवर जायचं होतं, चढाई करायची होती, त्याच गुडघ्यावर गर्रकन वळायचं होतं.

बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे काकांना चांगलं आणि हिला वाईट? वस्तू तर एकच.”

वस्तू एकच, हे खरंच आहे. आणि या विषयात मला जे कळलं आहे ते सगळं त्या एका वाक्याच्या उत्तरात येतं. दात्याची कंडरा किती टिकेल हे कंडरेला विचारून कळत नाही. ती कुणाच्या गुडघ्यात, कोणत्या वयात गेली आणि पुढे तिच्याकडून काय काम घेतलं जाणार, हे विचारावं लागतं.

शरीराच्या आत काय घडतं ते पाहिलं की हे उलगडतं. गोठवलेली कंडरा बसवतात तेव्हा तिच्यात जिवंत पेशी नसतात. म्हणूनच रक्तगट जुळवावा लागत नाही आणि मूत्रपिंड बदललेल्या रुग्णासारख्या रोजच्या गोळ्या आयुष्यभर घ्याव्या लागत नाहीत. ती म्हणजे कोलॅजन नावाच्या चिवट प्रथिनाचा नुसता दोर. मग गुडघा कामाला लागतो. बाजूच्या आवरणातून बारीक रक्तवाहिन्या तिच्यात शिरतात, आपल्या पेशी आत जातात, जुने धागे कुरतडतात, नवे विणतात. या मधल्या काळात ग्राफ्ट, म्हणजे बसवलेला तुकडा, बसवताना होता त्याहून कमजोर होतो आणि मग हळूहळू बळकट होतो. स्वतःच्या कंडरेलाही या फेऱ्यातून जावं लागतं. दात्याच्या कंडरेला मात्र जास्त वेळ लागतो. आणि इथे मला रोज दिसणारी अडचण अशी की दात्याची कंडरा लावलेल्या माणसाला दुखणं कमी असतं. मांडीमागे जखम नाही, म्हणून तिसऱ्याच महिन्यात पाय मोकळा वाटायला लागतो. बाहेरून गुडघा ‘मी तयार आहे’ म्हणतो आणि आतला ग्राफ्ट त्याच सुमाराला अजून कच्चा असतो. चाळिशीचा इलेक्ट्रिशियन अशा वेळी फार तर लोकल पकडायला चार पावलं धावेल. अठरा वर्षांची खेळाडू सरावाला जाते. कोच नको म्हणाला तरी जाते.

किरणोत्सर्गाचा उल्लेख केला, तो मुंबईकरांना थोडा सविस्तर सांगायला हवा. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात 1988 पासून टिश्यू बँक आहे. तिथे हाडं आणि गर्भावरण यांच्यावर प्रक्रिया होते. हाडं नेहमी मृत दात्याचीच असतात असं नाही. खुब्याचा सांधा बदलताना मांडीच्या हाडाचं जे गोल टोक काढून टाकावं लागतं, तेही रुग्णाच्या संमतीने बँकेत जाऊ शकतं. बाळंतपणात वार टाकून दिली जाते, तिच्यावरचं पातळ आवरण भाजलेल्या जखमांवर उपयोगी पडतं. हे सगळं निर्जंतुक करायला गॅमा किरण वापरतात, साधारण 25 किलोग्रे मात्रेत. ट्रॉम्बेला अणुऊर्जा खात्याचा आयसोमेड हा प्रकल्प 1974 पासून याच कामासाठी उभा आहे. सुया, हातमोजे, जखमेच्या पट्ट्या अशा कितीतरी गोष्टी तिथल्या किरणांखालून जातात. हाडाच्या पोकळीत भरायच्या तुकड्याला ही मात्रा चालते. ताण सोसायच्या कंडरेला ती जड पडते, कारण किरण जंतूंबरोबर कोलॅजनचे बंधही तोडतात. जुन्या काळी जास्त मात्रेचे किरण दिलेल्या किंवा रसायनात वाळवलेल्या कंडरा भराभर सैल पडल्या, आणि दात्याच्या ग्राफ्टचं नाव खराब होण्यात त्यांचा मोठा वाटा आहे.

मग किरणच नकोत, असं म्हणून मोकळं होता येत नाही. 2001 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात 23 वर्षांच्या एका तरुणाच्या गुडघ्यात दात्याचं हाड-कूर्चा बसवलं आणि काही दिवसांत तो गेला. ग्राफ्टमधून क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू त्याच्या शरीरात गेले होते. दात्याचा देह मृत्यूनंतर तब्बल 19 तास थंड केला गेला नव्हता. साध्या, ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये गेलेला तो मुलगा. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. आज दात्याचा इतिहास, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांच्या चाचण्या, जंतूंचं कल्चर, हे सगळं पार पडल्याशिवाय ग्राफ्ट बाहेर पडत नाही. आपल्याकडे 1994 चा अवयव प्रत्यारोपण कायदा होता. 2011 च्या दुरुस्तीने त्याच्या नावातच ऊतकं आली, आणि 2014 मध्ये नियम आले. कागदावरच्या या तारखा कोरड्या वाटतात. मला तशा वाटत नाहीत, कारण माझ्या टेबलावर ज्यांचा गुडघा असतो त्यांची सुरक्षितता याच तारखांमधून आलेली आहे.

कूर्चेची कथा कंडरेपेक्षा निराळी आहे आणि मला ती जास्त आवडते. सांध्याच्या टोकांवरची ती पांढरी, चकचकीत, गुळगुळीत कूर्चा. अपघातात तिचा हाडासकट टवका उडाला की शरीर तिला पहिल्यासारखी पुन्हा बनवू शकत नाही. एरिक लेक्सर नावाच्या जर्मन सर्जनने 1908 मध्येच मृत आणि कापाव्या लागलेल्या पायांमधून सांधे घेऊन ते बसवल्याचं नोंदवलं आहे. त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिच्या पेशी दाट गाभ्यात लपलेल्या असतात, म्हणून शरीराची पहारेकरी यंत्रणा तिथवर सहसा पोचत नाही. त्यामुळे इथे जिवंत पेशींसकट ग्राफ्ट लावता येतो. तो गोठवत नाहीत, चार अंश सेल्सिअसला ठेवतात. चाचण्यांना साधारण दोन आठवडे जातात आणि चौथा आठवडा संपायच्या आत तो बसवायचा असतो, कारण रोज काही पेशी मरत असतात. दात्याच्या गुडघ्याचं माप रुग्णाच्या मापाशी जुळायला हवं. इतक्या घाईत, इतकं जुळवून आणलेली गोष्ट टिकते किती?

टोरोंटोच्या माउंट सायनाय रुग्णालयात डॉ. ॲलन ग्रॉस यांनी 1972 पासून ताजे ग्राफ्ट बसवायला सुरुवात केली आणि पुढे दशकानुदशकं त्या रुग्णांना सोडलं नाही. 2014 मध्ये त्यांच्या चमूने अशा 58 जणांचा हिशेब मांडला. शस्त्रक्रियेला सरासरी 22 वर्षं होऊन गेली होती. 10 वर्षांनी 91 टक्के ग्राफ्ट शाबूत होते, 15 वर्षांनी 84, 20 वर्षांनी 69 आणि 25 वर्षांनी 59.

हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा शेवटच्या आकड्यावर थबकले होते. 25 वर्षांत शंभरातले एक्केचाळीस गेले. पण पंचविशीतल्या माणसाचा विचार करा. त्याच्या मांडीच्या हाडाच्या टोकाला खड्डा पडला आहे. त्या वयात कृत्रिम सांधा बसवला तर तो आयुष्यात पुन्हा बदलावा लागणार हे जवळजवळ ठरलेलं, आणि प्रत्येक बदल आधीच्यापेक्षा अवघड. दात्याच्या कूर्चेने तोच माणूस पन्नाशीपर्यंत स्वतःच्या गुडघ्यावर चालला, मुलांना खांद्यावर घेऊन फिरला, नोकरी केली, आणि मग कृत्रिम सांध्याकडे गेला, तर याला अपयश म्हणायला मी तयार नाही. आकडा मोजणाऱ्यांच्या तक्त्यात ते ‘निकामी’ या रकान्यात जातं. जायला हवंच, मोजणी प्रामाणिक ठेवायची तर दुसरा मार्ग नाही. पण रुग्णाला समजावताना मी रकान्याबरोबर ती पंचवीस वर्षंही सांगते.

गादीचं थोडक्यात सांगते. गुडघ्यातली फाटलेली गादी पूर्ण काढून टाकावी लागली आणि पुढे तरुण वयातच दुखायला लागलं, तर दात्याची गादी बसवता येते. जर्मनीत 1984 मध्ये याची सुरुवात झाली. बेल्जियममधल्या गेंटच्या सर्जनांनी 2005 मध्ये शंभर गाद्यांचा हिशेब दिला, तेव्हा 10 वर्षांनी सुमारे सत्तर टक्के गाद्या काम करत होत्या. दुखणं कमी होतं, हे नक्की. पुढची झीज कायमची थांबते, असं वचन मी कुणाला देत नाही.

काकांना त्यांचा दाता कोण होता हे कळलेलं नाही आणि कळणारही नाही. बँका दात्याची ओळख गुप्त ठेवतात आणि त्यात शहाणपण आहे. काकांनी त्यावर स्वतःचा मार्ग काढला. भाद्रपदातल्या सर्वपित्री अमावास्येला, ज्यांची तिथी ठाऊक नाही त्यांच्यासाठी आपल्याकडे पान वाढतात. काका त्यात एक पान त्या अनोळखी माणसासाठी वाढतात. काकूंनी मला हे सांगितलं, काकांनी नाही. “ह्यांनी पहिल्या वर्षी मला विचारलं, चालेल ना गं? मी म्हटलं, न चालायला काय झालं? घरातलाच झाला तो आता.” मी त्या दिवशी काकांचा गुडघा तपासताना नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

माझ्या मनात एक मोठी तळमळ आहे ती मोजणीची. टोरोंटोचे आकडे आकाशातून पडलेले नाहीत. कुणीतरी वीस-पंचवीस वर्षं पत्रं पाठवली, फोन केले, माणसांना बोलावून एक्स-रे काढले. मुंबईत हे किती कठीण आहे ते मला माहीत आहे. चाळ पुनर्विकासाला जाते आणि तिथलं बिऱ्हाड विरारला किंवा बदलापूरला जातं. मोबाइल नंबर बदलतो. गुडघा बरा असला तर माणूस अर्धा दिवस मोडून, रांग लावून, ‘मी बरा आहे’ हे सांगायला ओपीडीत कशाला येईल? आणि बिघडला तर बहुतेक वेळा तो दुसऱ्याच डॉक्टरकडे जातो. मग पहिल्या सर्जनला वाटत राहतं की सगळं छान चाललंय. म्हणून मी वही ठेवली आहे. ग्राफ्ट स्वतःचा असो की दात्याचा, माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येकाला वर्षातून एकदा फोन जातो. जिना उतरताना कठडा धरता का? मांडी घालून जेवता येतं का? उकिडवं बसता का? गुडघा सटकल्यासारखा होतो का? संध्याकाळी सूज येते का? मधे दुसरं ऑपरेशन झालं का? परदेशी प्रश्नावल्यांमध्ये मांडी घालण्याचा रकाना नसतो. आमच्याकडे पंगतीत बसता आलं नाही की माणूस स्वतःला अधू समजायला लागतो, म्हणून तो प्रश्न मी वर घेतला आहे.

प्रभादेवीच्या मुलीचं ऑपरेशन तिच्याच मांडीमागच्या कंडरेने झालं. नऊ महिने पुरे होईपर्यंत मी तिला मॅटवर पाऊल ठेवू दिलं नाही. नॉर्वे आणि अमेरिकेतल्या एका संयुक्त अभ्यासात असं दिसलं होतं की नऊ महिन्यांपर्यंत खेळ जितका लांबवाल, तितकी पुन्हा दुखापत व्हायची शक्यता दर महिन्याला जवळजवळ निम्म्याने उतरते. ती चिडली, रडली, माझ्याशी बोलेनाशी झाली. बाबा तेव्हा माझ्या बाजूने उभे राहिले. आता ती खेळते आहे.

तिला रुग्णालयातून घरी सोडायच्या दिवशी बाबांनी मला फोन केला होता. आता डिस्चार्ज कार्डवर काय काय लिहून घेऊ, म्हणाले. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणांना आपल्या गुडघ्यात काय बसवलं आहे हेच सांगता येत नाही, म्हणून हा प्रश्न ऐकून मला फार बरं वाटलं. मी सांगितलं ते असं: ऑपरेशनची तारीख. कंडरा कुठली, स्वतःची की दात्याची. ग्राफ्टची जाडी किती मिलिमीटर, कारण आठच्या खाली असेल तर तुटण्याची भीती वाढते. ग्राफ्ट हाडाशी धरून ठेवणारं स्क्रू किंवा बटण कोणत्या बनावटीचं. गादी शिवली, कापली की शाबूत होती. दात्याचं काही वापरलं असेल तर पाकिटावरचं लॉट नंबरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवून घ्या आणि किरण दिलेलं आहे की नाही तेही लिहून मागा. काकांच्या फाइलमध्ये ते स्टिकर आहे. बाबांनी सगळं लिहून घेतलं आणि मला फोटो पाठवला. जाडी साडेआठ मिलिमीटर.